तबकडी तीच, सुई कोणती?

जुन्या रेकॉर्ड पुन्हा ऐकायचे ठरवले आहे? मग प्लेअरचा रंग आणि रूप पाहण्याआधी त्याच्या हाताच्या टोकावरचा एवढासा भाग पाहा. गाणे तिथूनच निघते आणि रेकॉर्डची नासाडीही तिथूनच होते.

दिवाळीच्या तोंडावर माळा झाडायला काढला की बऱ्याच घरांत एक जड खोका खाली उतरतो. वर धुळीचा थर, आत कागदी पाकिटांत उभ्या ठेवलेल्या काळ्या तबकड्या. कुणाच्या घरी बालगंधर्वांची नाट्यपदे, कुणाकडे हिराबाई बडोदेकर, कुणाकडे गीतरामायण, तर कुणाकडे लताबाईंनी गायिलेले अभंग. पूर्वी असा खोका पुन्हा माळ्यावर जायचा किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आता तसे होत नाही. नातवंडे तो उघडतात, पाकिटावरची छायाचित्रे पाहतात आणि म्हणतात, ‘‘हे ऐकायचं कसं?’’

रेकॉर्ड ऐकण्याची आवड जगभर परतली आहे. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डची विक्री सीडीपेक्षा जास्त झाली. नगांच्या हिशेबात १९८७नंतर हे प्रथमच घडले. आपल्याकडेही नवे रेकॉर्डप्लेअर मिळू लागले आहेत. पण एक अडचण आहे. पूर्वी रेकॉर्डच्या दुकानात गेले की काउंटरमागचा माणूस कोणत्या मशिनला कोणती सुई लागते ते सांगायचा. ती दुकाने आता फारशी उरली नाहीत. मुंबईचे काळा घोडा येथील प्रसिद्ध ‘ऱ्हिदम हाऊस’ही २०१६ मध्ये बंद झाले. आता प्लेअर मोबाइलवर मागवला जातो, खोक्यात बंद होऊन घरी येतो आणि त्याच्यासोबत सांगणारे कुणी येत नाही.

म्हणून या लेखात प्लेअरच्या त्या एका भागाविषयी, म्हणजे कार्ट्रिजविषयी, सविस्तर माहिती देत आहोत.

एका घराचे उदाहरण

जबलपूरहून नरसिंहपूरच्या रस्त्याला लागले की शहपुरा लागते. रेल्वेने जायचे तर स्टेशन भिटोनी. हिवाळ्यात इथल्या शेतांतून मटारच्या गोणी भरून बाजारात जातात. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे शाळा, कचेऱ्या आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बाहेर हिंदी आणि घरात मराठी. अशा घरांतून मराठी गाण्याच्या रेकॉर्ड जिवापाड जपल्या गेल्या, कारण बाहेर कानावर पडणारे मराठी फार थोडे होते.

समजा, शहपुऱ्यातल्या अशाच एका घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी आहेत. आजोबा गेले, त्यांनी जमवलेल्या रेकॉर्ड राहिल्या. चाळीसएक जुन्या, जड, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि साठएक एल.पी. पुण्यात नोकरी करणारा नातू आजींसाठी सुटकेससारखा दिसणारा एक छानसा प्लेअर घेऊन येतो. प्लेअरवर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही आकडे आहेत. तो हौसेने आजींची सर्वांत आवडती ७८ची तबकडी लावतो. खरखर, शिट्टी आणि त्यामागे कुठेतरी दूरवर गाणे. आजी विचारतात, ‘‘अरे बाळा, ही सर्दी झाल्यासारखी का गातेय?’’ नातवाला वाटते, रेकॉर्ड जुनी झाली. आवाज जरा सुधारेल म्हणून तो ती आणखी दोन-तीनदा लावतो.

चूक इथेच होते. रेकॉर्ड वाईट नाही, सुई चुकीची आहे. आणि चुकीची सुई प्रत्येक फेरीला त्या रेकॉर्डमधला थोडा थोडा आवाज खरवडून नेत आहे. आजींच्या ज्या तबकडीची दुसरी प्रत कदाचित कुठेच मिळणार नाही, ती अशा रीतीने आठवड्याभरात खराब होऊ शकते.

कार्ट्रिज म्हणजे काय?

रेकॉर्डवर बाहेरून आत जाणारी एक बारीक चर असते. गाण्याच्या कंपनांप्रमाणे तिच्या भिंती वेड्यावाकड्या कोरलेल्या असतात. त्या चरीतून हिऱ्याचे किंवा नीलमण्याचे अतिसूक्ष्म टोक फिरते. तीच सुई. सुई एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेली असते. दांडीचे दुसरे टोक एका छोट्या डबीत जाते. ही डबी म्हणजे कार्ट्रिज. सुई थरथरली की डबीत तेवढीच वीज तयार होते आणि ॲम्प्लिफायर ती वाढवून स्पीकरकडे पाठवतो.

हे काम किती नाजूक आहे, याचा हिशेब पाहा. एल.पी.च्या एका बाजूवरची चर सरळ केली तर ती ४००हून अधिक मीटर लांब भरेल. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर चर सरकते, आतल्या कडेला जेमतेम २१ सेंटीमीटर. म्हणूनच बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त. ५०० तास चाललेल्या सुईचा प्रवास ६०० किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे जबलपूरहून नागपूरला जाऊन परत आल्यावरही ती चालतच असते. तेही चिमूटभर जागेवर सारा भार घेऊन. सुईवर वजन अवघे दोन ग्रॅम असते, पण टेकण्याची जागा इतकी लहान की दाब चौरस सेंटीमीटरला टनांच्या हिशेबात जातो. झिजलेल्या किंवा चुकीच्या मापाच्या सुईने काय होत असेल, याची कल्पना यावरून येईल.

प्रकार तीन

पहिला प्रकार सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचा. एकेकाळी घरोघरी असलेल्या ‘एचएमव्ही फिएस्टा’सारख्या सुटसुटीत प्लेअरमध्ये हाच प्रकार असे आणि आजच्या स्वस्त सुटकेस प्लेअरमध्येही बहुधा हाच असतो. यातून वीज भरपूर मिळते, वेगळा प्रीॲम्प्लिफायर लागत नाही, म्हणून यंत्र स्वस्तात बनते. मात्र सुईवर वजन जास्त द्यावे लागते, अनेकदा पाच-सहा ग्रॅम. दांडीही ताठ असते. कधीमधी गंमत म्हणून ऐकायला हरकत नाही, पण जपायच्या रेकॉर्डसाठी हा प्रकार योग्य नाही.

दुसरा प्रकार मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाचा. याला थोडक्यात एमएम म्हणतात. दांडीच्या टोकाला छोटे चुंबक असते आणि ते स्थिर तारेच्या वेटोळ्यांजवळ हलते. यातून साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट वीज निघते. वजन दीड ते तीन ग्रॅम पुरते. सर्वांत मोठा फायदा असा की सुई झिजली तर पूर्ण कार्ट्रिज न बदलता फक्त सुई ओढून काढायची आणि नवी खोचायची. घरगुती वापरासाठी दहापैकी नऊ जणांनी हाच प्रकार घ्यावा.

तिसरा प्रकार मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी. यात चुंबक स्थिर आणि तारेची वेटोळी हलती. हलणारा भाग हलका असल्याने आवाजातील बारकावे छान उमटतात. पण वीज फारच कमी, बहुतेकदा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी. त्यासाठी खास प्रीॲम्प्लिफायर लागतो. शिवाय सुई झिजली की बहुधा अख्खे कार्ट्रिजच कंपनीकडे पाठवावे लागते किंवा बदलावे लागते. जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेसाठी १९६०च्या दशकात तयार झालेले ‘डेनॉन डीएल-१०३’ हे याच जातीचे आणि ते आजही बनते. पण पहिलेच कार्ट्रिज घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

सुईच्या टोकाचा आकार

कार्ट्रिजची जात ठरली की दुसरा प्रश्न सुईच्या टोकाचा. दुकानदार चार-पाच नावे सांगतो आणि ग्राहक गोंधळतो. खरे तर गोष्ट सोपी आहे.

गोल टोक : याला कॉनिकल म्हणतात. बॉलपेनच्या टोकासारखे. स्वस्त, टिकाऊ आणि बसवताना थोडेफार इकडेतिकडे झाले तरी सांभाळून घेणारे. जुन्या, थोड्या घासलेल्या एल.पी.वर हे बरे चालते. बारीक कंपने मात्र थोडी सुटतात.

लंबगोल टोक : म्हणजे एलिप्टिकल. दोन्ही बाजूंनी थोडे चपटे केलेले असल्याने ते चरीच्या बारीक वळणांत शिरते. ‘स’, ‘श’सारखी अक्षरे स्वच्छ उमटतात. रेकॉर्डच्या आतल्या कडेची गाणी कमी फाटतात. किंमत आणि गुण यांचा मेळ इथे सर्वांत चांगला बसतो.

रेषेसारखे टोक : मायक्रोलाइन, शिबाता अशी नावे असतात. शिबाता हे टोक १९७०च्या दशकात चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी जपानमध्ये तयार झाले. चरीच्या भिंतीला ते उंच, अरुंद पट्टीत टेकते, म्हणून जास्त ऐकवते आणि कमी झिजते. पण ते अगदी काटेकोर बसवावे लागते. थोडे तिरके बसले तर पैसे पाण्यात.

आजकाल काही कंपन्यांनी ग्राहकाची सोय पाहिली आहे. उदाहरणार्थ, ‘ऑडिओ-टेक्निका’च्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीला गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता आणि ७८ची, अशा वेगवेगळ्या सुया बसतात. आज साधी सुई घ्यावी, हात बसला की वरची घ्यावी, डबी तीच. डेन्मार्कच्या ‘ऑर्टोफॉन’ कंपनीच्या टूएम रेड या कार्ट्रिजलाही त्याच मालिकेतील वरच्या दर्जाची ब्लू सुई बसते. खरेदी करताना असा मार्ग मोकळा ठेवणारे मॉडेल घेणे शहाणपणाचे.

७८ची तबकडी म्हणजे वेगळी जात

आता आजींच्या तबकडीकडे वळू. भारतात पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले. गौहरजानचे गाणे त्याच वेळचे. तेव्हा तबकड्या छापून जर्मनीतील हॅनोव्हरहून येत. १९०८ साली कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना सुरू झाला आणि छपाई इथे होऊ लागली. त्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नसत. लाखेत दगडाची भुकटी मिसळून त्या बनत. म्हणूनच त्या जड, कडक आणि हातातून पडल्या की काचेसारख्या फुटणाऱ्या. भारतात १९६०च्या दशकातही ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड निघत होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या घरांत त्या अजून मोठ्या संख्येने सापडतात.

या तबकडीची चर एल.पी.पेक्षा साधारण तिप्पट रुंद असते. एल.पी.ची सुई टोकाशी सुमारे १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येची असते आणि ७८ची ६५ ते ७५ मायक्रॉन. एल.पी.ची सुई ७८च्या चरीत टाकली तर ती भिंतींना नीट न टेकता तळाशी जाते आणि तिथला कचरा वाचत इकडून तिकडे आपटते. गाणे भिंतींवर कोरलेले असते, तळाला नसते. सर्दी झाल्यासारखा आवाज येतो तो यामुळेच. उलट ७८ची जाड सुई एल.पी.वर ठेवली तर ती चरीत उतरतच नाही, वरच्या कडा मोडत जाते. ते नुकसान एका फेरीत होते आणि कायमचे राहते.

प्लेअरवर ७८चा आकडा आहे, याचा अर्थ फक्त थाळी त्या वेगाने फिरते एवढाच. सुई ७८ची आहे, असा त्याचा अर्थ नाही. जुन्या रेकॉर्डप्लेअरांत ही सोय असायची. कार्ट्रिजच्या बाजूला एक छोटी खुंटी असे. ती एका बाजूला फिरवली की एल.पी.ची सुई, दुसऱ्या बाजूला फिरवली की ७८ची. घरातल्या जाणत्या माणसाने ती खुंटी कुणाला हात लावू दिली नसेल, तर त्याला कारण होते.

आज ७८साठी वेगळी सुई घ्यावी लागते. व्हीएम९५ मालिकेतील एसपी नावाची सुई याच कामाची आहे. तिला सुमारे ५ ग्रॅम वजन लागते. ऑर्टोफॉनचे टूएम ७८ हे ६५ मायक्रॉनचे कार्ट्रिज १.८ ग्रॅमवर चालते. ७८च्या तबकड्यांत दोन्ही कानांना एकच आवाज असतो. म्हणून ॲम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते दाबावे, अर्धी खरखर तिथेच जाते. त्या काळी तिखट आणि खर्जाच्या स्वरांचे प्रमाण ठरवायचे नियमही कंपनीगणिक वेगळे होते. १९५४मध्ये अमेरिकेत एक नियम ठरला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. आजचे प्रीॲम्प्लिफायर त्याच नियमाने चालतात. त्यामुळे जुनी तबकडी थोडी दबल्यासारखी वाटली तर ट्रेबल-बासची बटणे निःसंकोच फिरवावीत.

चावीच्या कर्ण्यावाल्या ग्रामोफोनवर मात्र पोलादी सुया लागतात आणि त्या प्रत्येक बाजूला नव्या लावायच्या असतात. तबकडीतली दगडाची भुकटी सुईला घासून चरीच्या मापाची करते. एकच सुई पाच-सहा बाजू चालवली तर मग सुई तबकडीला घासू लागते. अशा ग्रामोफोनवर एल.पी. कधीही लावू नये. त्याच्या हाताचे वजन एल.पी.ला सोसत नाही.

तुमच्या प्लेअरला काय चालेल?

कार्ट्रिज घेण्याआधी स्वतःच्या प्लेअरला हे चार प्रश्न विचारा.

१. कार्ट्रिज बदलता येते का? हाताच्या टोकाला दोन स्क्रू दिसत असतील आणि त्यांच्यातील अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असेल, तर बहुतेक कार्ट्रिज बसतील. १९८०च्या दशकातील काही प्लेअरना मात्र सरळ खोचायचे कार्ट्रिज लागते, त्याला पी-माउंट म्हणतात. ते सव्वा ग्रॅम वजनावर चालते आणि इतर प्रकार तिथे बसत नाहीत. सुटकेस प्लेअरमध्ये बहुधा फक्त सुई बदलते, कार्ट्रिज नाही.

२. वजन कमीजास्त करता येते का? हाताच्या मागच्या टोकाला फिरणारे वजन असावे. ते नसेल तर चांगले कार्ट्रिज घेऊन उपयोग नाही.

३. फोनो प्रीॲम्प्लिफायर आहे का? एमएम कार्ट्रिजची वीज थेट ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला जोडली तर आवाज अगदी क्षीण आणि पत्र्यासारखा येतो. ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली जागा हवी किंवा वेगळी छोटी डबी हवी. काही नव्या प्लेअरमध्ये ती आतच असते. मात्र दोन्हीकडे असेल तर एकच वापरावी.

४. हात हलका की भारी? हे थोडे किचकट आहे, पण हिशेब सोपा आहे. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात त्याची दांडी किती लवचिक आहे हा आकडा असतो, त्याला कंप्लायन्स म्हणतात. प्लेअरच्या माहितीपत्रकात हाताचे परिणामी वजन असते. हाताचे वजन १२ ग्रॅम, कार्ट्रिज ७ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, म्हणजे एकूण २०. लवचिकता २० असेल तर २० गुणिले २० म्हणजे ४००. त्याचे वर्गमूळ २०. आता १५९ला २०ने भागा. उत्तर सुमारे ८. हे उत्तर ८ ते १२च्या दरम्यान आले तर जोडी जमली. खूप कमी आले तर वाकलेल्या रेकॉर्डवर किंवा कुणी खोलीतून चालले तरी सुई डोलते. खूप जास्त आले तर खर्जाचे स्वर फुगतात. थोडक्यात, लवचिक कार्ट्रिजला हलका हात आणि ताठ कार्ट्रिजला भारी हात.

बसवताना घ्यायची काळजी

शहपुऱ्यासारख्या गावात हे काम करून देणारा कारागीर मिळेलच असे नाही. जबलपुरात जुना रेडिओ मेकॅनिक सापडला तर उत्तम. नाहीतर दिवसाउजेडी, पांढरा कागद पसरून, घाई न करता हे काम घरीही करता येते.

प्रथम सुईवर टोपी घालूनच ठेवा. मागच्या चार तारा रंगाप्रमाणे जोडा. पांढरी डाव्या चॅनेलची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन आणि हिरवी उजव्याची ऋण. तारा बोटांनी न ओढता चिमट्याने सरकवा. तारा तुटल्या तर पुन्हा जोडणे जिकिरीचे असते.

मग वजन. हाताच्या मागच्या आकड्यावर विसंबू नका. सुईचे वजन मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. माहितीपत्रकात १.८ ते २.२ ग्रॅम लिहिले असेल तर २ ठेवा. अनेकांना वाटते, वजन जितके कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित. हा गैरसमज आहे. वजन कमी पडले की सुई चरीत उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. थोड्या जास्त वजनापेक्षा हे नुकसान मोठे असते.

त्यानंतर कोन. छापील मापपट्टी मिळते. तिच्यावर मध्यापासून साधारण ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन खुणा असतात. दोन्ही ठिकाणी सुई टेकवली असता कार्ट्रिज रेषांना समांतर दिसले पाहिजे. शेवटी अँटिस्केटिंगचे बटण सुईच्या वजनाइतक्या आकड्यावर ठेवा आणि स्क्रू बेताने आवळा.

सुई किती दिवस चालते?

हिऱ्याची साधी सुई साधारण ५०० तास चालते असे धरा. लंबगोल सुईसाठी काही कंपन्या त्याहून कमी तास सांगतात, तर मायक्रोलाइनसारखी सुई १,००० तासांपर्यंत जाते. एल.पी.ची एक बाजू २० मिनिटांची धरली तर ५०० तासांत १,५०० बाजू, म्हणजे साडेसातशे रेकॉर्ड होतात. रोज एक रेकॉर्ड ऐकणाऱ्याला दोन वर्षे पुरेल. वहीत तारीख टाकून ठेवा. घरातील जुन्या प्लेअरची सुई मात्र कुणी किती वापरली ते ठाऊक नसते. दांडीखालचे रबरही वर्षांनुवर्षे पडून कडक झालेले असते. म्हणून ती सुई कितीही चांगली दिसली तरी आधी बदलावी, मगच रेकॉर्ड लावावी.

सुई मऊ ब्रशने फक्त मागून पुढे पुसा, आडवी कधीच नाही. एल.पी. लावण्याआधी धूळ झटका. ७८च्या तबकडीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नका. लाख त्यात विरघळते आणि चर पुसली जाते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापड ओले करा, मधला कागद भिजू न देता चरीच्या दिशेने हलकेच पुसा आणि लगेच कोरडे करा. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून रेकॉर्ड उभ्या आणि हवेशीर जागी ठेवा.

पैसे कुठे खर्च करावेत?

आता शहपुऱ्याच्या त्या घराने काय करावे? नातवाने सर्वांत आधी सुटकेस प्लेअर बंद करावा. तो टाकून द्यायची गरज नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या, जपायची गरज नसलेल्या एल.पी. त्यावर ऐकता येतील. मग मागे वजन असलेला, तिन्ही वेगांचा प्लेअर शोधावा. आज बऱ्याच नव्या प्लेअरवर ७८ नसते, म्हणून हे विचारूनच घ्यावे. मागचे वजन ५ ग्रॅमपर्यंत भार देऊ शकते का, हेही विचारावे. त्यावर एकाच डबीला दोन सुया लागतील असे एमएम कार्ट्रिज बसवावे. साठ एल.पी.साठी लंबगोल सुई, चाळीस तबकड्यांसाठी ७८ची सुई. सुई बदलली की वजनही बदलायचे, हे प्लेअरजवळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे, म्हणजे सुनेलाही यंत्र लावता येईल आणि आजींना कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवावा : योग्य मापाची नवी सुई, वजनाचा काटा, साफसफाईचे साहित्य, आणि मग मोठे स्पीकर. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. महाग स्पीकरवर चुकीच्या सुईची खरखर फक्त जास्त मोठ्याने ऐकू येते.

आणखी एक काम जरूर करावे. योग्य सुई बसल्यावर ७८ची प्रत्येक तबकडी एकदा वाजवून तिचे गाणे संगणकात उतरवून घ्यावे. मग नातेवाइकांना ते मोबाइलवर पाठवता येते, आजींना रोज ऐकता येते आणि मूळ तबकडीला विश्रांती मिळते. लेबलवरचा क्रमांक, गायकाचे नाव आणि कंपनीचे नावही सोबत लिहून ठेवावे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि तिचे मानद सचिव राहिलेले डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी अशाच नोंदींतून जुन्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास जमा केला आहे. त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंक चाळले की लक्षात येते, घराघरांतील अशा खोक्यांतूनच हे सारे हाती लागले आहे. तुमच्या माळ्यावरची एखादी तबकडी अशीही असेल जी दुसऱ्या कुणाकडे नाही.

गायक गेले, वादक गेले, ती मुद्रणे पुन्हा होणार नाहीत. सुई मात्र कधीही नवी मिळते. तेव्हा खोका उघडलात तर आजच तबकडी लावायची घाई करू नका. लेबलवर फेऱ्यांचा आकडा नसेल तर तबकडीचे वजन हातात तोलून पाहा. जड आणि कडक असेल तर ती ७८ची समजा आणि योग्य सुई घरी येईपर्यंत तिला पाकिटातच राहू द्या. इतकी वर्षे थांबलेले गाणे आणखी आठ दिवस सहज थांबेल.